बाबा अजून डुकरं हाकलतात

"हौऽऽऽ! हाऽऽड! निघ! निघ म्हन्लं ना! दुसऱ्याच्या वावरात घुसतं काय बे? लाज नाई वाटत?"

तुरीच्या ओळीत मी जिथल्या तिथं खिळले. धुक्याची धुवारी अशी दाट पडली होती, की माझाच हात मला ओळख दाखवत नव्हता. उजाडलं होतं म्हणायचं, पण ते उजाडणं दुधात बुडवल्यासारखं होतं. आणि त्या दुधातून कुठून तरी माझे बाबा ओरडत होते.

आमच्या गावात माझ्याबद्दल म्हणतात, की ही बाई पायलीभर ऐकते आणि पोतंभर सांगते. त्यात तथ्य आहे. पण ही गोष्ट सांगताना मी पदरचं काहीच घातलेलं नाही. घातलं असलंच, तर मिठाएवढं. बाबा पावसाळ्यात वारले होते. त्यांच्यामागे ज्या भोंग्यातून त्यांचा आवाज वावरात घुमायचा, तो भोंगाही दिवाळीच्या आधी जळून खाक झाला होता. माणूस गेला, यंत्रही गेलं. मग तुरीत ओरडत होतं कोण?

बाबांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. ते विहिरीवरून हाक मारायचे तेव्हा शेलूबाजारच्या रस्त्यावर जीपवाला ब्रेक लावायचा, आपल्यालाच थांबवलं असं समजून. विहारात ते वंदना म्हणायला लागले की भंतेजी स्वतःचा माईक बंद करून टाकत. फोन त्यांना कधी जमलाच नाही. ते इकडून बोलायचे आणि तिकडचा माणूस फोन हातभर लांब धरून ऐकायचा. लहानपणी मला ताप आला की ते उशाशी बसून हळू आवाजात गोष्ट सांगत. त्यांचा तो हळू आवाज ऐकून शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून म्हणायची, "पुढं काय झालं मंग?"

आणि आमच्या घरात भुताला परवानगी नव्हती. चिंचेखाली काही दिसलं, ओढ्यावर कोणी हाक मारली, असलं कोणी सांगू लागलं की बाबा त्याला तिथंच उभं करायचे. "कोन्त्या पायानं चालत होतं ते? कपडे कोन्त्या रंगाचे? तुह्या ओळखीचं होतं, तं चहा काहून नाई पाजला?" सांगणाऱ्याचं भूत तिथंच मरायचं. अशा बापाची मी लेक, आणि त्या सकाळी माझे दात एकमेकांवर असे वाजत होते की तुरीतली पाखरं उडाली.

भोंग्याचं असं झालं होतं. रानडुकरांनी आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, आमच्या शिवाराचा सत्यानाश मांडला होता. लोकांनी बाजारातून बॅटरीवरचे भोंगे आणले. त्यात कुत्री भुंकायची, फटाके फुटायचे, कोणीतरी परका माणूस हिंदीतून शिव्या द्यायचा. डुकरं आधी पळाली, मग सरावली. बाबा सांगायचे, की एक डुक्कर तर भोंग्याच्या खांबाला पाठ घासत पहाटेपर्यंत ऐकत बसलेलं त्यांनी स्वतः पाहिलं. "त्याईले माहीत हाय का हे बजारातलं हाय," ते म्हणाले, "घरचं मानूस लागते." आणि त्यांनी आपलाच आवाज त्यात भरला.

भरला तो धुऱ्यावर उभं राहून. धुरा म्हणजे आमचं आणि शेजारच्या काकाजींचं वावर वेगळं करणारा बांध. तो काकाजींनी नांगरता नांगरता आमच्या बाजूनं खाल्ला, असं बाबांचं म्हणणं. आमच्याच बाजूनं वाढवला, असं काकाजींचं. माझं लग्न व्हायच्या आधीपासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचंच झालं तर बैलाशी बोलायचे. बाबा आमच्या बैलाला मोठ्यानं विचारायचे, "काहून रे, रस्त्यावर गाडी कोन्या लाटसाहेबानं लावली?" आणि धुऱ्यापलीकडून काकाजी आपल्या बैलाला समजावायचे, "चाल बाप्पा, गाडी काढू, नाई तं लोकाईच्या पोटात दुखते."

त्यामुळे भोंग्यात जे भरलं गेलं, त्यातलं निम्मं डुकरांसाठी होतं आणि निम्मं काकाजींसाठी. "धुरा कोरून खातं काय बे? मी पाहून राह्यलो तुले! माघारी फिर!" डुकरं धुरा कशाला कोरतील? बटण दाबायला माय होती. बाबा ओरडून ओरडून दमले, खाकरले, आणि मग त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, "झालं काय वं? बंद कर आता." तेही त्यात आलं. भाऊ म्हणाला, शेवटचं काढून टाकू. बाबा म्हणाले, राहू दे, डुकराईले वाटंल घरात बाई बी हाय.

पावसाळ्यात एका दुपारी जेवून उठताना ते खाली बसले, ते बसलेच. दवाखान्याच्या वाटेवरच गेले. संध्याकाळी आम्ही त्यांना घेऊन निघालो. स्मशानाची वाट आमच्या वावरावरून जाते. पाऊस थांबलेला, पायाखाली चिखल. खांदा द्यायला पुढं काकाजी होते. ते कोणी बोलवायच्या आधीच येऊन उभे राहिले होते आणि त्यांना नको म्हणायची कोणाची हिंमत झाली नव्हती. आम्ही धुऱ्यापाशी आलो, आणि तुरीतून बाबा कडाडले, "लाज नाई वाटत? मी पाहून राह्यलो तुले! माघारी फिर!"

भोंगा बंद करायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

काकाजी खरंच माघारी फिरले. म्हणजे पाय आपोआप मागं गेला त्यांचा, इतक्या वर्षांची सवय. त्याबरोबर मागचे मागे सरकले, तिरडी हेलकावली, आणि सगळी माणसं त्या चिखलात उभी राहिली. वर पांढऱ्या कपड्यात बाबा गप्प, आणि तुरीत बाबा ओरडतायत. मग खाकरणं ऐकू आलं, आणि मग ते हळू आवाजात, "झालं काय वं? बंद कर आता." कोणी बंद करायला गेलं नाही. काकाजींनी खांदा बदलला, म्हणाले, "चाला," आणि आम्ही चाललो. माझ्या पाठीला त्या दिवशी जो काटा आला तो अजून पूर्ण बसलेला नाही. हात लावून पाहा, टोचेल.

नंतर त्या आवाजाची सवय झाली. सवय कसली, आधारच. आमचं घर गावाच्या टोकाला आहे. हवा स्तब्ध असली की वावरातला भोंगा ओसरीपर्यंत ऐकू येतो. माय तांबडं फुटता चहाचं आधण ठेवायची आणि शेवटचं ते हळू वाक्य आलं की गूळ टाकायची. बाबांचे फोटो आमच्या मोबाइलमध्ये ढिगानं आहेत. आवाज मात्र फक्त त्या भोंग्याच्या पोटातल्या नखाएवढ्या कार्डात.

आणि ते कार्ड माझ्या भावानं भाजलं. भाऊ वाशिमला नोकरी करतो, रविवारी मोटरसायकलवर शेती करतो. त्यानं कुंपणाला झटका मशीन बसवलं. जनावर तारेला लागलं की झटका बसतो ते. तेव्हाच त्याच्या डोक्यात आलं, की भोंग्याला वेगळी बॅटरी कशाला? आणि त्यानं भोंग्याची वायर मशीनच्या बॅटरीला लावायची सोडून कुंपणाच्या तारेलाच जोडली. तो सांगतो, बाबा "हौऽऽ" म्हणाले, मग असं किंचाळले की जिवंतपणी कधी किंचाळले नव्हते, आणि धूर निघाला. शेलूबाजारच्या दुकानदारानं आतला काळा गोळा चिमट्यानं उचलून दाखवला. झालं.

भावानं मला फोन केला तेव्हा तो रडत होता. आम्ही ठरवलं, मायला सांगायचं नाही. दुरुस्तीला दिलाय म्हणायचं. ती "बरं" म्हणाली.

पण थंडी पडायला लागली तसं तिचं बोलणं बदललं. मी फोन केला की सांगायची, "आज बेस ओरडले." कधी म्हणायची, "आज उशीर केला त्याईनं, धुवारी होती ना." मी भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, "ताई, मले बी तसंच म्हन्ते. मी रविवारी दिवसभर वावरात असतो, काई नाई तिथं. खांब उभा हाय नुसता." त्याच्या आवाजातली भीती माझ्यापर्यंत पोचली. माय एकटी राहते, नसलेल्या माणसाचा आवाज रोज सकाळी ऐकते, त्यावर चहा करते. डोकं चाललं म्हणायचं की काय म्हणायचं? आम्ही ठरवलं, तिला वाशिमला न्यायचं. डॉक्टरला दाखवायचं, घराला कुलूप लावायचं. ती नाही म्हणाली. आम्ही ऐकलं नाही. मी अकोल्याहून आदल्या संध्याकाळी आले, तिच्या साड्या पिशवीत भरल्या. भाऊ दुपारपर्यंत गाडी घेऊन येणार होता.

आणि सकाळी तिनं चूल पेटवता पेटवता बाहेर बोट केलं. "ऐक."

मला काही ऐकू आलं नाही. खरं सांगते, मला ऐकायचंच नव्हतं. पण तिला एकदाचं दाखवून द्यावं म्हणून मी चप्पल घालून वावरात आले. खांब उभा होता, वर काही नव्हतं. मी मोकळा श्वास घेतला आणि परत फिरले. आणि तेव्हाच मागून, "हौऽऽऽ! हाऽऽड!"

ती मी मघाची, तुरीत खिळलेली. तेच शब्द, तोच खरखरीत शेवट. धुवारीत आवाजाला दिशा नसते. एकदा वाटलं विहिरीपाशी आहेत, एकदा वाटलं माझ्या अगदी मागं. "मी पाहून राह्यलो तुले!" मी मागं वळले. धुवारीत एक काळं उभं होतं, माणसाएवढं. मी म्हणाले, "बाबा?" ते हललं, आणि शेपूट झाडून पळालं. रोही होतं. आता मी सांगताना ते हत्तीएवढं सांगते, पण तेव्हा खरंच तेवढंच वाटलं.

मग ते आलं. खाकरणं. आणि हळू, अगदी कानाशी, "झालं काय वं? बंद कर आता."

त्या वाक्यानं माझी भीतीच संपली. पायांनी आपणहून रस्ता धरला. भूत असो की आणखी काही, ते बाबांच्या आवाजात बोलत होतं आणि मला ते पाहायचं होतं. मी धुरा ओलांडला, जो ओलांडला म्हणून लहानपणी मी मार खाल्ला होता. हरभऱ्याचं दव पोटऱ्यांपर्यंत भिजवत होतं. धुवारीतून आधी एक लाल ठिणगी दिसली, मग बिडी दिसली, मग बिडीमागचे काकाजी. मचाणाखाली घोंगडी पांघरून बसले होते. मचाणाच्या बांबूला भोंगा बांधलेला होता.

"कोन होय?" ते म्हणाले. मग ओळखलं. "तू होय का? बस. ओलं हाय तिथं, इकडं बस."

"काकाजी, हा कोनाचा आवाज हाय?"

"तुह्या बापाचा. तुले नाई ओळखू येत?"

"तो तुमच्यापाशी कसा?"

"तुह्या मायनं देल्लं. तेरवीच्या आधीच आलती कार्ड घेऊन. म्हने, यातलं तुमच्यात उतरवून ठेवा." त्यांनी बिडी विझवली. "म्या ठेवलं होतं तसंच. तुमचा भोंगा मुका झाला, मंग लावला. सकाळी अन् दिवस बुडता. दिवसा तुहा भाऊ येते, त्याले काय दाखवाचं म्हनून बंद ठेवतो."

"काकाजी, त्यात तुमालेच शिव्या हायेत."

"हायेत ना. मले ठाऊक हाय." भोंगा पुन्हा सुरू झाला. 'धुरा कोरून खातं काय बे?' काकाजींनी मान हलवली, जशी कोणी रोजच्या माणसाचं रोजचं बोलणं ऐकताना हलवतो. "तो खोटंच बोले. धुरा म्या कोरला नाई." मग वर भोंग्याकडे पाहून म्हणाले, "आता कोन्त्या बैलाले सांगू?"

शेवटचं वाक्य यायची वाट पाहत दोघंही बसून राहिलो, ते आलं, आणि मी उठले.

दुपारी भाऊ गाडी घेऊन आला. मी त्याला अंगणातच सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग गाडीची किल्ली खिशात टाकून घराकडे वळला. माय आत होती. मी भरलेली पिशवी तिनं उपसली होती, साड्या घडी मोडू न देता पेटीत परत रचत होती. भाऊ तिच्यापुढं जाऊन उकिडवा बसला.

"माय, तुले समदं ठाऊक होतं. मंग आमाले काहून नाई सांगतलं? अन् द्याचंच होतं तं आमाले देतीस. आमी पोरं ना त्याईचे. ज्याच्यासंगं बाबा बोलत नव्हते, त्याले कायले देल्लं?"

मायनं पेटीचं झाकण लावलं.

"तुमच्यापाशी राह्यलं असतं काय?"