बाकीचं नाव स्वल्प

ज्या कोड्यामुळे ऑफिसात माझं नाव झालं, ते मी सोडवलेलंच नव्हतं. हे गेल्या महिन्यापर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही.

चौदा वर्षांपूर्वी आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसात दर शुक्रवारी गणिताचं एक कोडं यायचं. प्रोग्राम लिहून सोडवायचं. एका शुक्रवारचं कोडं असं होतं, की एकेक आकडा तपासत बसलं तर मशीन दुसऱ्या दिवसापर्यंत फिरत राहिलं असतं. मी पुण्याहून आलेलो; माझ्या शेजारी बेळगावच्या एक बाई बसायच्या. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही. त्यांनी नुसत्या भागाकाराच्या बाक्यांवरून ते दहा-बारा ओळींत सोडवलं. तेवढ्यात आई आजारी पडली म्हणून त्या गावी गेल्या, आणि जाताना प्रोग्राम मला मेल केला. ‘माझ्या नावानं देऊन टाक की.’

मी माझ्या नावानं दिला. त्यातल्या आकड्यांना अक्कांनी दिलेली नावं तेवढी बदलून इंग्रजी केली.

नव्या टीमसाठी माणूस शोधत होते, मला घेतलं. अक्का परतल्या तेव्हा मी वरच्या मजल्यावर गेलो होतो. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. जिन्यात समोर आल्या की मी खिशातून मोबाइल काढायचो.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आता नोकरी सोडलीय, जे. पी. नगरला घरीच शनिवारी वर्ग घेतात. मुलांसाठी नोकरी सोडलेल्या आणि पुन्हा करू बघणाऱ्या सात-आठ बायका येतात.

“कोडी माझ्याकडं हायत. तू नुसता सांगाडा करून दे. उघडलं की थेट कोड्यालाच भिडायला पायजे बायकांनी.”

सबब तोंडावर आली होती. पण गेलो.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. प्रत्येक कोड्याला एक फोल्डर. त्यात कोडं, बायकांनी भरायचं एक रिकामं फंक्शन आणि उत्तर तपासणारी चाचणी. रिकामं फंक्शन शून्य देतं, म्हणून सुरुवातीला सगळ्या चाचण्या लाल, म्हणजे नापास. चालवून दाखवलं.

“लालेलाल केलास की सगळं,” अक्का म्हणाल्या. “बायका घाबरून पळतील. एक तरी हिरवं दाखव. ते तुझं जुनं कोडं घाल नमुन्याला.”

तुझं. तेव्हा मी दिलेली फाइल मेलमध्ये होती. ती पहिल्या फोल्डरात टाकली, चाचणी चालवली, हिरवी झाली. वर लेखकाच्या नावाची ओळ रिकामी होती.

“घाल की नाव.”

मी त्यांचं नाव टाइप केलं. मग स्क्रीनकडेच बघत म्हणालो, “अक्का, हे तुमचंच आहे. मी माझं म्हणून दिलं होतं.”

“माहीत हाय.”

“कधीपासून?”

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. सगळी नावं इंग्रजी, आणि मधल्या एका ओळीत बाकीचं नाव ‘स्वल्प’. त्यांनी ठेवलेलं, माझ्या नजरेतून सुटलेलं. कानडीत स्वल्प म्हणजे थोडंसं; भागून थोडंसं उरतं म्हणून स्वल्प. “पुण्याचा माणूस बाकीला स्वल्प म्हणेल होय रे? तुझा प्रोग्राम सगळ्या ऑफिसला पाठवला होता त्यांनी. मलाही आला की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू कधी बोलतोस बघत होते.” त्या उठल्या, कॉफी गाळायला आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, “स्वल्प वेळ लागला.”

मी हसलो, आणि डोळे भरून आले म्हणून चष्मा पुसत बसलो. चौदा वर्षांत त्यांच्यासमोर पहिल्यांदाच खांदे सैल सोडून बसलो होतो. कॉफी दोनदा घेतली. ‘स्वल्प’ बदलू का विचारलं, तर म्हणाल्या, राहू दे.

निघताना दारात त्यांनी विचारलं, “मला सांगितलंस, सरी, बरं केलंस. पण मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना कोण सांगणार?”

तेव्हा मला निवडणारे साहेब आजही आमच्याच ऑफिसात आहेत. नव्या लोकांशी ओळख करून देताना अजून ते कोडं सांगतात, आणि मी मान खाली घालून ऐकतो. ते कोडं अक्कांनी सोडवलं होतं, हे त्यांना सांगायचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.