एकाच फोडातला तांबेरा

हर्षद सरांना बुरशीतलं किती कळतं? मला, नाते गावच्या कमळाबाईला, कळतं त्याहून थोडं कमीच. मी महाडच्या आमच्या कॉलेजात शिपाई हाय. सरांच्या दारावरची पाटी तेवढी मोठी, रोज मीच पुसते.

काम सगळं उज्वलाचं. आंबेनळीकडल्या वाडीतली पोर, बारा वर्षं लॅबमधी हंगामी. गाजराच्या तुकड्यात पान धरायची आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायला ब्लेडनं असा पातळ काप काढायची, की फुंकर मारली तर उडून जाईल. आता कायमची जागा निघाली होती. त्यासाठी सरांची एक ओळ लेखी हवी होती, की काप हीच काढते. तर सर म्हणाले, "कापण्याचा कसला दाखला? भाजीवाल्या पण कापतात." मेल्याची जीभ कशी झडली नाय!

माघात वालावर तांबेरा पडला. पानावर सरांना तांबडी भुकटी दिसली, काळीही दिसली. झालं, दोन बुरश्या ठरवल्या. काळीला नवं नाव ठेवून बारसंसुद्धा उरकलं.

उज्वला बिचारी सांगायला गेली. "सर, फोड एकच हाय. पातळ सालीचे तांबडे बीजाणू आणि जाड सालीचे काळे, शेजारीशेजारी आपापल्या बारीक देठावर उभे हायत. आमच्या वाडीत पण आधी तांबडा पडतो, शेंगा वाळायला लागल्या की त्याच फोडात काळा येतो."

"बघायचं काम माझं," सर म्हणाले. "तू काप."

पुण्याहून बुरशीतल्या एक मोठ्या जाणकार बाई नवी बुरशी बघायला आल्या. सरांनी डब्यातला सगळ्यात देखणा काप काढला आणि न बघताच मायक्रोस्कोपखाली ठेवला. शहाणाच तो! मी चहा घेऊन तिथंच उभी होते.

बाईंनी बराच वेळ डोळा लावला. "काप फार सुरेख आहे. कोणी काढला?"

"मीच," सर म्हणाले. ट्रे पुसणारा उज्वलाचा हात थांबला.

"मग तुम्हाला दिसलं असेलच. दोन्ही बीजाणू एकाच फोडात आहेत. बुरशी एकच, हंगाम सरताना काळे बीजाणू धरते. हे दिसत असून नवं नाव दिलंत?"

सरांचं तोंड कारलं खाल्ल्यागत झालं. "नाही, नाही मॅडम! हा काप उज्वलाचा. सगळे तीच काढते. बारा वर्षं."

"असं? मग तेवढं लिहून द्या तिला."

सर खिसे चाचपायला लागले. पेन मीच दिलं.