रविवारच्या खेळातली राणी

आमच्या लग्नात अंतरपाट खाली आला, तेव्हा समोर मुंडावळ्या बांधून उभा असलेला माणूस मी आधी कधी पाहिलेला नव्हता. त्या काळी यात कोणाला नवल वाटलं नसतं. पण ज्याला मी नवरदेव समजत होते तो उंच माणूस त्याच्या मागे उभा होता आणि गर्दीतल्या पोरांना हातानं मागे सारत होता. हार कोणाच्या गळ्यात घालायचा ते मला क्षणभर उमजेना. मामांनी मागून कोपर ढकललं, तेव्हा हात पुढे झाले.

झालं होतं ते असं. माझं माहेर पुसदजवळच्या खेड्यात, घरी कापसाची शेती. मराठी सातवी झाल्यावर माझी शाळा सुटली होती. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या साली दारव्ह्याच्या एका इंग्रजीच्या मास्तरांचं स्थळ आलं. मुलगी पाहायला यायचं ठरलं आणि मास्तर हिवतापानं अंथरुणाला खिळले. त्यांच्या वडिलांना थांबायचं नव्हतं. त्यांनी आपल्या धाकट्या भावाला आणि मास्तरांच्या जिवलग मित्राला पाठवून दिलं. घरातल्या मोठ्यांना हे सगळं माहीत होतं. मला सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

"मास्तरांकडची मंडळी आली," एवढंच माझ्या कानावर पडलं. मी चहा घेऊन गेले. एक म्हातारे गृहस्थ आणि एक उंच, उन्हानं रापलेला तरुण. त्यानं मला काहीच विचारलं नाही. फक्त जाताना विहिरीवर थांबून ओंजळीनं पाणी प्याला आणि माझ्या वडिलांना म्हणाला, "गोड आहे हो पाणी तुमच्या इथलं." तेवढ्या आवाजावर मी लग्नापर्यंतचे दिवस काढले. दळताना, वेचणीला जाताना, भांडी घासताना मी त्याच आवाजाशी मनातल्या मनात बोलत असे.

आणि नांदायला गेले ते दुसऱ्याच माणसाबरोबर.

तो माणूस वाईट नव्हता, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. हे बारीक चणीचे, चष्मा लावणारे, बोलके. शाळेतून आले की वर्गात काय झालं ते सगळं मला सांगायचे. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. मला इंग्रजी मुळाक्षरं शिकवायची त्यांना फार हौस. मीही मन लावून शिकत होते. पण अंगणात सायकलची घंटी वाजली की माझं मन पाटीवर राहत नसे.

ती घंटी ह्यांच्या मित्राची. ते शेतकी खात्यात होते. बियाणं, खतं, फवारण्या समजावून सांगत गावोगाव आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांवर फिरायचे आणि दारव्ह्याला असले की संध्याकाळी आमच्याकडे यायचे. मला वहिनी म्हणायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. जेवायला थांबले तरी त्यांची नजर ताटावरून वर उठत नसे. त्यांनी कधी एक शब्द वावगा काढला नाही. मीही नाही. तरी ते येऊन गेले की मी स्वयंपाकघरातले डबे उगाच इकडचे तिकडे करत बसायची. हे बाहेरून विचारायचे, "काय शोधून राह्यली?" मी म्हणायची, "काही नाही, जिरं." जिरं माझ्या हातातच असायचं.

अशी काही वर्षं गेली. महाराष्ट्र झाला. आम्हाला मूल नव्हतं, त्याबद्दल सासरची माणसं कुजबुजू लागली होती. तेवढ्यात एके दिवशी हे शाळेतून अगदी उड्या मारतच आले. यवतमाळच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळच्या खेळाला एक इंग्रजी चित्रपट लागला होता. इंग्लंडातल्या एका जुन्या राजाची दंतकथा, रंगीत. कॉलेजात असताना ह्यांनी ती गोष्ट वाचली होती.

"आपण तिघंही जाऊ," हे म्हणाले. "तुले समजंन, मी सांगत जाईन."

"भाऊजींना कायले? त्यांना सुटीच्या दिवशीही काम असते," मी म्हटलं.

"त्याले मी सांगतलं. तो येते."

रविवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही यवतमाळला गेलो. टॉकीजमध्ये हे मधल्या खुर्चीवर बसले, डावीकडे मी, उजवीकडे भाऊजी. भाऊजींचं इंग्रजी कामापुरतं, माझं तर मुळाक्षरांपुरतंच. म्हणून हे एकदा माझ्या कानाशी वाकायचे, एकदा त्यांच्या. पुढे कॉलेजातली पोरं शिट्ट्या मारत होती. पडद्यावर हिरवीगार कुरणं, लोखंडी कपडे घातलेले सरदार, भलंमोठं गोल मेज.

"त्या मेजाले टोकच नाही," ह्यांनी सांगितलं. "म्हणजे कोणी वर नाही, कोणी खाली नाही. सगळे सारखे."

मला ते आवडलं. राजाही आवडला. साधा दिसत होता. मग त्यानं आपल्या सर्वांत लाडक्या सरदाराला जवळ बोलावलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं.

"राजाचं लग्न ठरलं," हे कुजबुजले. "तो म्हणते, मले राज्य सोडून जाता येत नाही, राणीले तू घेऊन ये." आणि मग हसत उजवीकडे वळून भाऊजींच्या मांडीवर थाप मारली. "तुह्यासारखंच बे! तू नाही का गेलता माह्यासाठी?"

ह्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण मला विहिरीवरची ती ओंजळ आठवली. पडद्यावर तो सरदार आणि राणी घोड्यांवरून रानातून येत होते. एका झऱ्याशी ते थांबले. पुढे काय होणार ते सांगायला मला कोणाची गरज नव्हती. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले आणि उजवीकडे पाहायचं नाही असं स्वतःला बजावत राहिले. थोड्या वेळानं खुर्ची करकरली. भाऊजी उठले होते.

"कुठं चालला?"

"पाणी पिऊन येतो."

ते परत आलेच नाहीत. मी उरलेला चित्रपट त्या रिकाम्या खुर्चीसकट पाहिला. राणी आणि सरदार सापडले. राणीला जाळायला नेलं, सरदारानं तिला सोडवलं, दोन जिवलगांमध्ये लढाई जुंपली. शेवटी राणी केस कापून जोगिणींच्या मठात गेली आणि राजा तिला भेटायला आला. हे इतके गुंगले होते की सांगायचंच विसरले. चष्मा काढून डोळे पुसत होते.

भाऊजी बाहेर चहाच्या टपरीवर बसलेले दिसले. "डोकं दुखून राह्यलतं," एवढंच म्हणाले.

परत यायला आम्ही अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीत बसलो. ती गाडी इतकी सावकाश चालायची की माणसं उतरून शेजारून चालत. दोन्हीकडे बोंडं फुटलेली कापसाची पऱ्हाटी. गाडी हलली तसं ह्यांनी भाऊजींना, त्यांनी न पाहिलेली गोष्ट सांगायला घेतली. भाऊजी खिडकीबाहेर पाहत होते. ह्यांना थांबवणार कोण? सापडले कसे, पळाले कसे, सगळं रंगवून सांगत होते.

"राजाले आधीच समजलं होतं म्हणतात," हे म्हणाले. "पण तो बोलला नाही. बोलला असता त दोघंही गेले असते न त्याचे. बायकोही अन् दोस्तही. काय करंन बिचारा?"

"पुरे करा हो," मी म्हटलं.

"काहून? तुले नाही आवडला?"

"त्या राणीले कोणी विचारलं होतं काय?"

"काय विचारायचं?"

"हेच. की तुले कोण पाहिजे म्हणून."

मी इतक्या जोरात बोलले होते की समोरच्या बाकावरच्या बाईनंही मान वळवली. मधलं एक स्टेशन आलं. भाऊजी एकदम उठले. "माह्यं इथल्या गावात काम आहे. मी उतरतो," म्हणाले आणि उतरलेसुद्धा. गाडी निघाली तेव्हा ते रुळाच्या बाजूनं उलट दिशेला चालत होते.

"याले काय झालं?" ह्यांनी मला विचारलं.

त्यानंतर भाऊजी येईनासे झाले. ह्यांनी त्यांच्या खोलीवर दोनदा खेटे घातले, दाराला कुलूप. शाळेतून आल्यावर हे ओसरीत बसायचे आणि रस्त्यावरून सायकल गेली की मान वर करायचे. मी तर घरात एका जागी टिकत नव्हते. सारवलेली जमीन पुन्हा सारवायला घ्यायची. भाकरी तव्यावर टाकून विहिरीवर जायची. विणायला घेतलेला गळपट्टा उसवायचा, परत विणायचा. छातीत काहीतरी भिरभिरत होतं आणि ते बसायला जागा शोधत होतं.

एका सुटीच्या दुपारी आम्ही दोघं तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी तिसऱ्यांदा उठले तेव्हा ह्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"तू काहून अशी फिरून राह्यली?"

आणि मी सांगून टाकलं. विहिरीवरचा तो माणूस, मला झालेला गैरसमज, अंतरपाट. लग्नानंतर मी कधी काही मनात आणून वागले नाही, हेही सांगितलं. सांगताना मी शेंगांकडे पाहत होते. माझं बोलून झालं तरी ह्यांची बोटं सोलतच होती. फक्त दाणे टोपलीत न पडता जमिनीवर पडत होते.

मग त्यांनी विचारलं, "त्याले माहीत आहे हे?"

"नाही. मी कोणालाच सांगितलं नाही."

"मग तो काहून उठून गेलता टॉकीजमधून?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. विचारायची हिंमतच नव्हती. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे वेड माझ्या एकटीचं आहे, माझ्या डोक्यात सुरू होतं आणि तिथंच संपतं. ह्यांच्या तोंडून तो प्रश्न ऐकला आणि भाऊजींची ताटावरून न उठणारी नजर मला पहिल्यांदा समजली. माझा चेहरा ह्यांनी पाहिला असणार. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"मले ताप आला नसता त," ते म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी शाळेत रजा टाकली आणि सायकल घेऊन निघाले. भाऊजी दूरच्या एका तांड्यावर मुक्कामाला आहेत असं त्यांना कळलं होतं. तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. भांडण होईल का, हे मला माहेरी पाठवतील का, दोघांपैकी कोणी परत येईल का, असं काय काय मनात येत होतं. अंगणातून दारापर्यंत आणि दारातून अंगणापर्यंत मी किती फेऱ्या घातल्या असतील! शेजारच्या काकूंनी तर विचारलंच, "पाय दुखून राह्यले का वं?"

दिवस बुडायच्या आत हे आले. धुळीनं माखले होते.

"भेटला?" मी विचारलं.

"भेटला. तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बसून ज्वारीच्या बियाण्याचं सांगून राह्यलता लोकायले. मीही बसलो ऐकत." मग पाय धुता धुता म्हणाले, "तो वणीले बदली मागणार आहे. मी नको म्हटलं. त ऐकत नाही."

त्यापलीकडे दोघांत काय बोलणं झालं ते ह्यांनी मला पुढेही कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी भाऊजींना हट्टानं जेवायला आणलं. मी झुणका-भाकरी, वांग्याची भाजी केली होती. जेवताना दोघं शाळेतल्या एका विसराळू मास्तरांवर हसले. जुन्यासारखं नव्हतं ते हसणं, पण हसले. निघताना भाऊजी दारात थांबले आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहून म्हणाले, "येतो वहिनी."

"या भाऊजी," मी म्हटलं. ह्यांनी त्यांची पेटी सायकलला बांधली आणि दोघं पायी स्टँडकडे गेले.

घर मोकळं झालं, पण माझ्यातलं ते भिरभिरणं लगेच थांबलं नाही. घंटी वाजणार नाही हे माहीत असूनही संध्याकाळ झाली की कान तिकडेच जायचे. एक फरक मात्र पडला. आता हे मला विचारत नसत, काय शोधते म्हणून. माझ्याजवळ येऊन बसायचे आणि पाटी पुढे करायचे. कधी कधी मीच म्हणायची, आज नको, आज मन नाही. तेव्हा हे उठून जात नसत, तिथेच वर्तमानपत्र वाचत बसत. ह्यांच्याविषयी मला जी माया वाटू लागली, ती त्या बसून राहण्यामुळे. लग्नामुळे नव्हे.

भाऊजींचं लग्न दोनेक वर्षांनी झालं. मुलगी पाहायला ते एकटेच गेले आणि तिच्याशी अंगणात उभं राहून बोलले, याची दारव्ह्यात बरीच चर्चा झाली. त्यांच्या मुलीच्या बारशाला आम्ही वणीला गेलो, तेव्हा माझा थोरला माझ्या कडेवर होता. त्यांची बायको तोंडाची मोकळी. मला हात धरून घरभर फिरवलं, कोळशाच्या ट्रकांमुळे वाळत घातलेले कपडे कसे काळे होतात ते दाखवलं. मला ती आवडली. भाऊजी मांडवात माणसांची ऊठबस करत होते. थोडे जाड झाले होते. मी पाळण्याची दोरी ओढली, गाणं म्हटलं, घुगऱ्या खाल्ल्या. आणि सगळा वेळ स्वतःच्या आत चाचपून पाहत होते, काही उरलंय का.

परतताना एसटीत पोरगं ह्यांच्या मांडीवर झोपलं. गाव मागे पडल्यावर ह्यांनी विचारलं, "बरं वाटलं?"

"हो."

"खरं सांग."

"खरं म्हणजे, अर्धंच."

हे मग पोराचं डोकं सांभाळत बाजूला सरकले आणि मला खिडकीशी बसायला जागा करून दिली.