तुमच्या समुद्राला सात

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातात नाही आणि अक्षर खेकड्यासारखं तिरपं चालतं, तेवढं वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांच्यासारखा माणूस तारापूरपासून वैतरण्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही, हे मी शपथेवर सांगते. मी त्यांच्याकडे स्वयंपाक करते आणि त्यांना काका म्हणते. बोईसरच्या एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त ते झाले, त्यांची मोजण्याची सवय झाली नाही. दूध ते मोजनळीत ओतून पाहतात, लोणच्याच्या बरणीवर ती उघडल्याची तारीख चिकटवतात आणि चहा किती उकळायचा ते घड्याळावर ठरवतात. एकदा माझी फोडणी जास्त तडतडली तेव्हा ओट्याशी येऊन त्यांनी तेलाचं तापमान विचारलं. मोहरीला विचारा, असं मी मनातल्या मनात म्हटलं. तोंडावर बोलायची मला सवय नाही.

समुद्र रिक्षाने अर्ध्या तासावर, आणि काकांनी हॉलमध्ये काचेच्या टाकीत स्वतःचा वेगळा समुद्र केलेला, तोही बादलीभर मीठ विकत आणून. माझी आई आमच्या गावी बोंबील सुकवून विकते. तिला हे सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून हसली. "मीठ इकत घेऊन दर्या करतो? त्याला सांग, आमी फुकट देतो." आणि खरंच तिने कॅन भरून दिला. काकांनी तो पाहुण्यासारखा टेबलावर ठेवला आणि आपली परीक्षेची पेटी काढली. काचेच्या छोट्या बाटलीत पिचकारीने मोजून पाणी घ्यायचं, त्यात औषधाचा एकेक थेंब टाकून हलवायचं. पाणी आधी निळं होतं, आणि पुढे एका थेंबाला एकदम पिवळं पडतं. जितक्या थेंबांनी पिवळं झालं, तो आकडा. पुस्तकात त्याला अल्कलिनिटी म्हणतात, पण मला कळावं म्हणून काका पाण्याची सहनशक्ती म्हणायचे. औषध म्हणजे आम्ल, आणि पाणी ते किती सोसतं ते पाहायचं. टाकीत आठ हवेत. आईच्या कॅनचा निकाल त्यांनी गंभीरपणे सांगितला, "तुमच्या समुद्राला सात." मी तो गावी पोचवला तेव्हा आईचा चेहरा उतरला. म्हणाली, "दहात सात म्हणजे पास हाय ना?"

टाकीतल्या माशांना ते अहो-जाहो करायचे. वीज गेली की पाण्यात हवा जावी म्हणून डावाने ढवळत बसायचे, आणि माझी आमटी तोवर वाटीने वाढावी लागायची. पण त्यांचा खरा जीव होता प्रवाळावर. अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, तो सात वर्षांत फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा जांभळा झाला होता. ते म्हणायचे, हे वाढतं म्हणून पाण्याची ती सहनशक्ती खातं, ती भरत राहावी लागते.

मग त्यांना मोतीबिंदू झाला. बाटली ट्यूबलाइटसमोर धरून ते मला हाक मारायचे, ताई, निळं की पिवळं? रंग मी सांगायचे, थेंब ते ओठांत मोजायचे. ऑपरेशनसाठी ते पालघरला मुलीकडे दहा दिवस गेले, तेव्हा टाकी माझ्यावर सोपवून गेले. निळं आहे तोवर थेंब, पिवळं झालं की थांबा, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि मला ते समजलं.

पहिल्या दिवशी त्यांचा फोन आला. मी सांगितलं, चार. ते घाबरले. म्हणाले, माझ्या डोळ्यांनी मला इतके दिवस फसवलं. पाण्याची सहनशक्ती वाढवायला त्यांनी सोडा विरघळवून टाकायला सांगितला. एक दिवसाआड मोजत गेले तसा आकडा पाच, सहा, सात असा चढला, आणि आठ झाला तेव्हा ते फोनवर शाब्बास म्हणाले.

पण पाच झाले तेव्हाच प्रवाळाची टोकं पांढरी पडली होती. सहा झाले त्या दिवशी त्याची साल सुटून पाण्यात तरंगत होती. मी हातात फोन घेतला. त्यांच्या डोळ्यावर पट्टी, फोन मुलगी उचलणार, तिला मी काय सांगू, आणि आकडा तर बरोबर चालला होता. मी फोन ठेवून दिला. त्यांचा फोन आला तेव्हाही विचारलं तेवढंच सांगितलं.

काळा चष्मा लावून काका परत आले. टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग स्वतः मोजायला बसले. ओठ हलत राहिले, आठाच्या पुढे गेले, सोळाला थांबले.

"ताई, एकदा माझ्यासमोर मोजा."

मी दोन थेंब टाकले, हलवलं, म्हटलं, एक. आणखी दोन टाकले, दोन.

"हे कोणी शिकवलं?"

"आई तशीच मोजते. दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टाकायचे. ते एक."

काका खुर्चीत बसले आणि हसायला लागले, पण ते हसू धड झालं नाही. म्हणाले, "नोकरीभर पोरांना ओरडलो, आकड्यापुढे एकक लिहा म्हणून. तुम्हाला विचारलंच नाही. चूक माझी."

जोडीची चूक त्यांनी स्वतःवर घेतली. न केलेल्या फोनबद्दल त्यांना ठाऊकच नव्हतं. तो मी त्या दिवशीही सांगितला नाही. प्रवाळाचे पैसे भरते म्हटलं तर ते नको म्हणाले. मग मला त्या घरात पाऊल टाकवेना. चौथ्या दिवशी ते सरावलीला आमच्या खोलीच्या दाराशी आले. चष्मा काळाच होता. म्हणाले, प्रवाळाचे दोन हजार चारशे होतात, महिन्याला दोनशे द्या, पण घरी आणून. तेव्हा मी त्यांना फोनचं सांगितलं. ते रागावले नाहीत, आणि पैसे कमीही केले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले.

नवीन प्रवाळ त्यांनी आणलं नाही. मासे दुसऱ्या एकाला दिले, टाकी कोरडी करून पुसून ठेवली. परवा मी शेवटचे दोनशे त्यांच्या हातात ठेवले. काकांनी नोट उघडूनसुद्धा पाहिली नाही, तशीच खिशात टाकली.

"फिटले," ते म्हणाले. मग विचारलं, "उद्या येणार ना, ताई?"