किती पातळ?

काकती गावच्या मनुबाईचा नवरा रवळू सत्तेचाळीस सालच्या उन्हाळ्यात चिंचेवरून पडला. मोडलेलं नडगीचं हाड बेळगावच्या एका दवाखान्यात बसवलं. पण प्लास्टर काढल्यावर पाय खांबासारखा सुजला. लढाईवरून परतलेले तिथले डॉक्टर म्हणाले, "शिरेत रक्ताची गुठळी झालीय. सुटून छातीत गेली तर जिवावर बेतेल. रक्त पातळ करायची नवी गोळी देतो."

मनुबाई त्याला घेऊन शहापुरात बहिणीकडे राहिली. डॉक्टर दिवसाआड रवळूचं रक्त काचेच्या नळीत घेत आणि हातात घड्याळ धरून नळीकडे बघत बसत. कधी म्हणत दोन गोळ्या द्या, कधी म्हणत आज नको.

"पातळ कराया देताय, मग मधीच बंद का करताय?" तिनं विचारलं.

"फार पातळ झालं तर वाहायला लागेल, थांबणार नाही."

"मग किती पातळ व्हाया पायजे?"

"तेच बघायला रक्त घेतो, बाई. नळीत गोठायला किती वेळ लागतो, त्यावर गोळ्या ठरतात."

तिला काही उमगेना.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी रवळूनं चूळ भरली, तर पाणी लाल. दंडावर मार न लागता काळेनिळे डाग. दुपारी लघवीही लाल झाली.

"आक्का, त्या गोळ्या गटारात टाक," बहीण म्हणाली.

मनुबाईनं डबी उचलली. पण त्याच गोळ्यांनी सूज उतरलेली तिनं बघितली होती. द्याव्यात की टाकाव्यात? शेवटी रवळूनं खाल्लेल्या-घेतलेल्यातलं जे जे घरात उरलं होतं, ते सगळं तिनं पदरात बांधलं आणि टांग्यातून त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी त्यातली ॲस्पिरिनची पुडी उचलली. "हे कधीपासून?"

"चार दिस. डोस्कं दुखत हुतं म्हणून दुकानातनं आणलं. माजं चुकलं व्हय?"

"मी विचारायला हवं होतं. यानंही वाहतं रक्त थांबेनासं होतं. दोन्ही बंद. आता रवळूला ताजं रक्त द्यावं लागेल."

मनुबाईनं आपला हात पुढं केला. तिच्या नि रवळूच्या रक्ताचे थेंब काचेवर मिसळून पाहिले, जुळलं. तिचं बाटलीभर रक्त रवळूला चढवलं.

"त्यांचं काढत हुता, आता माजं काढून त्यास्नीच घालताय. माजं तरी घट हाय का पातळ?"

डॉक्टर हसले. ती हसली नाही.

दोन दिवसांनी लघवी साफ झाली. पुढं गोळ्या अर्ध्या मापानं पुन्हा सुरू झाल्या आणि ती रोज त्याच्या हिरड्या उजेडात बघू लागली. दसऱ्यापर्यंत रवळू काठी टेकत बांधापर्यंत जायला लागला.

गावात कुणी आजार विचारला की ती सांगे, "रक्त घट झालं, मग पातळ झालं, मग माजं घातलं..." आणि तिथंच अडे. "म्होरलं डॉक्टरास्नी इचारा. मला अजून कळलं न्हाय."