जुन्या स्कीचा तपास

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी एकच तपास केला, तोही मस्कतला लेकीकडे राहायला आल्यावर, आणि तो काही केल्या मनातून जात नाही. नावं सांगणार नाही. माणसं घरचीच आहेत.

जावई दूर दुक्म बंदराच्या प्रकल्पावर कंत्राटी इंजिनिअर, सुट्टीला मस्कतजवळच्या अल अमेरातच्या घरी. हिवाळ्यात जॉर्जियाला जाऊन बर्फात स्की करायचं वेड त्यांना रत्नागिरीकडच्या एका भाईंनी लावलं. भाई रुसैलच्या कारखान्यात होते आणि बर्फावर चांगलेच मुरलेले. जावई मात्र मधल्या पायरीवरचे. सौम्य उतारावर ठीक, पुढे गडबड. भाईंनी कायमचं गावी परतायचं ठरवलं, तेव्हा त्यांची जुनी स्कीची जोडी जावयांनी विकत घेतली. पहिल्याच खेपेला ते पडले, बूट स्कीतून सुटला नाही आणि गुडघा पिळवटला. डॉक्टर म्हणाले, साइटवरची नोकरी आता विसरा.

लेक भयंकर संतापली. "भाईंनी जाता जाता भंगार गळ्यात मारलं," असं तिनं ओळखीच्या साऱ्या मराठी घरांत सांगितलं. भाईंच्या निरोपाच्या जेवणाचा बेत रद्द झाला. उभी हयात इथे सचोटीनं काढलेला माणूस फसवा ठरून गावी जाणार, हे मला खटकलं. फिर्यादी पोटची लेक असली तरी एकतर्फी जबाबावर गुन्हा शाबीत होत नाही.

आधी मुद्देमाल तपासला. स्कीवर बूट धरून ठेवणारी पकड असते. पडल्यावर ती सुटावी लागते. किती घट्ट धरायचं, ते स्क्रूनं एका आकड्यावर लावतात. त्यासाठी वजन, वय, बुटाची लांबी बघतात, आणि माणूस किती चांगला खेळतो हेही. पकड स्वच्छ पुसलेली होती. भंगार खपवणारा एवढी निगा राखत नाही. नेटवरच्या तक्त्यात आकडा ताडून पाहिला. तो जावयांच्याच वजनाचा होता, पण पट्टीच्या खेळाडूचा, म्हणजे जास्त घट्ट.

भाईंकडे गेलो. घर रिकामं झालं होतं. चहा कागदी कपात आला.

"आकडा तुम्ही लावलात?"

"हां साहेब, मीच."

"चुकून?"

"नाय." एवढंच बोलून त्यांनी चहा माझ्यापुढे सरकवला.

गप्प बसणारे मी पुष्कळ पाहिलेत. स्वतःला वाचवणारा नजर चुकवतो. भाई माझ्या डोळ्यांत सरळ बघत होते. हा दुसऱ्या कुणाला तरी वाचवतोय, हे मी ओळखलं.

घरी येऊन लेकीला आत पाठवलं आणि जावयांसमोर बसलो.

"तुमचा खेळ कसा आहे, असं भाईंनी विचारलं असेल. काय सांगितलंत?"

त्यांनी कुबडी उगाच सरळ केली. "ॲडव्हान्स्ड म्हणालो, बाबा."

"का?"

"ही शेजारी उभी होती. घरी मी नेहमी मोठमोठ्या उतारांच्याच गोष्टी सांगायचो."

"पण भाईंनी तुम्हाला खेळताना पाहिलं होतं ना?"

"हो. म्हणून तर दोनदा विचारलं, नक्की ना? मी हो म्हणालो. मग त्यांनी स्क्रू फिरवला."

मागे वळून पाहिलं तर लेक दारातच उभी होती.

नोकरीत मी गुन्ह्यामागे लोभ, सूड, दारू शोधायला शिकलो. मुलाहिजा कुठल्याच कलमात बसत नाही. एकाला बायकोसमोर लहान व्हायचं नव्हतं आणि दुसऱ्याला त्याला लहान करायचं नव्हतं. एवढ्यापायी एकाचा गुडघा गेला आणि दुसऱ्याचं नाव. या तपासाचं मला समाधान नाही, दुःखच वाटतं.

भाई निघायच्या दिवशी लेकीनंच फोन लावून स्पीकरवर टाकला. ते विमानतळावर पोचले होते. जावई म्हणाले, "भाई, मला एक सांगायचंय. त्या दिवशी मी..."

"वहिनी हायत काय शेजारी?" भाईंनी मध्येच विचारलं.

"हो."

"मग ऱ्हाऊ दे. मागनं बोलू. पाय सांभाळ." आणि फोन बंद झाला.

लेक रडायला लागली. मग तिनं एकेका घरी फोन करून खरं काय ते सांगितलं. भाईंच्या कानावर ते गेलं की नाही, ठाऊक नाही. त्यांचा मस्कतचा नंबर पुन्हा लागला नाही.