भरलेलं कार्ड

आमच्या वडिलांना बैलाची पारख होती, आणि जगातली कुठलीही वस्तू त्याच पद्धतीनं पारखता येते असा त्यांचा ठाम समज होता. मी नारायणगावातून मोबाइलचं मेमरी कार्ड आणलं, तेव्हा त्यांनी ते तळहातावर उलटंपालटं करून विचारलं, "दात कुठं बघायचं ह्याचं?"

आमचा पांढरा बैल उतरणीला लागला होता. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत त्याला शेवटचं पळवायचं आणि मग फक्त दावणीला ठेवायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं. ती शेवटची बारी त्यांना मोबाइलमध्ये जपून हवी होती. स्वतःसाठी कधी काही न मागणारा माणूस; म्हणून मीही मनावर घेतलं.

"दुकानदार म्हणतो, पाण्यात पडलं तरी काही होत नाही," मी म्हणालो. झालं! बैल घेताना आमच्याकडं विकणाऱ्याच्या शब्दावर कुणी जात नाही. घरी आणून जुंपून बघतात, मगच व्यवहार पक्का. कार्ड गुरांच्या हौदात बुडालं. पत्र्यावर उन्हात वाळलं. बंडीच्या खिशात बसून ट्रॅक्टरवरून सगळं शिवार हिंडून आलं. तरी मोबाइलमध्ये घातलं की मुकाट चालायचं.

"आता नांगराला जुपा त्येला," आई म्हणाली.

राहिली ओझ्याची परीक्षा. "भरल्याबिगर गाडीचा दम कळत नाय," वडील म्हणाले. मोबाइल गोठ्यातल्या खांबाला सुतळीनं बांधला आणि समोरच्या पांढऱ्याचं शूटिंग सुरू केलं. तो रवंथ करत होता. कार्ड भरेपर्यंत त्यानं दुसरं काही केल्याचं मला तरी दिसलं नाही. सगळं नीट उमटलंय हे बघून वडिलांनी कार्ड पास केलं.

"आता हे पुसून रिकामं करतो," मी म्हणालो.

"हात लावायचा नाय! पास झाल्याला माल हाय."

"अहो, मग बारीला जागा कुठं राहिली?"

"बारी केवढी, डोळ्याचं पातं लवतंय तवर संपती. भरल्या पोत्यात मूठभर बसतंच की."

मोबाइल त्यांनी फडक्यात गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवला. माझ्या हातात दिला तो थेट शर्यतीच्या घाटात, धावपट्टीवर गाडा जुंपल्यावर. मी बटण दाबलं. जागा नाही, असं पडद्यावर आलं. पुसायला घेतोय तोवर 'भिर्रर्र'ची आरोळी झाली, गाडा समोरून निघून गेला आणि वर भंडारा उधळला. आमचा गाडा पहिल्यात आला होता.

वडील धापा टाकत आले. "आलं का?"

चांगलं फाडफाड बोलायचं मनात होतं, पण त्यांचं तोंड बघून जमलं नाही. मी नुसता पडदा दाखवला.

"नाय बसलं व्हय," म्हणाले आणि बैलाकडं गेले. फार वाईट वाटलं.

पुढच्या थंडीत पांढरा गेला. काही दिवसांनी वडिलांनी हळूच विचारलं, "ते गोठ्यातलं हाय का रं?"

होतं. पुसायचं राहूनच गेलं होतं. दोघं बघत बसलो. बैल रवंथ करत होता, करतच होता. मध्येच मागून वडिलांचा आवाज आला, "ए, इकडं बघ की," आणि त्यानं मान वळवली.

"घाटात समद्या गावानं त्येची पाठ बघितली," वडील म्हणाले. "हितं आपल्याकडं बघतोय."

मोबाइल कधीच बिघडला, कार्ड अजून चालतं. परवा म्हणालो, माझ्या नव्या मोबाइलमध्ये हे उतरवून ठेवतो.

वडील म्हणाले, "आदी त्यो हौदात घाल."